ढोलकीचा पुरावा

लॉस एंजेलिसच्या स्करबॉल कल्चरल सेंटरने २००९ साली अर्जेंटिनाच्या ‘ऑर्केस्टा केफ’ या वाद्यवृंदाला बोलावायचे ठरवले. हे लोक क्लेझ्मर वाजवतात. पूर्व युरोपातल्या ज्यू वस्त्यांत लग्नाकार्याला वाजणारे हे संगीत. स्थलांतरितांबरोबर ते अर्जेंटिनाला पोचले आणि तिथे त्याच्या अंगात लॅटिन अमेरिकेचा ठेका मुरला. आयोजकांनी व्हिसासाठी रीतसर पिटिशन दाखल केले आणि कॅलिफोर्नियातल्या इमिग्रेशन केंद्राने ते फेटाळले. अधिकाऱ्याचे म्हणणे असे, की हे संगीत मिश्र आहे. मिश्र संगीत कोणा एका देशाचे, समाजाचे वा पंथाचे खास म्हणता येत नाही. मागितलेला व्हिसा तर एखाद्या समाजाच्या खास कलेसाठीच असतो.

प्रकरण वरच्या अपील कार्यालयात गेले. निकाल आला तो मे २०१२ मध्ये. ठरलेली तारीख तोवर केव्हाच उलटून गेली होती. पण निकाल मोलाचा होता. खास कला म्हणजे केवळ जुनी, पारंपरिक कला नव्हे. दोन धारा मिसळून तयार झालेली शैलीही एखाद्या लोकसमूहाची खास असू शकते. आणि ते प्रत्येक वेळी समोरच्या पुराव्यावरून ठरवायला हवे. तज्ज्ञांच्या पत्रांनाही योग्य ते वजन द्यायला हवे. ‘मॅटर ऑफ स्करबॉल’ या नावाने हा निकाल पुढच्या प्रकरणांसाठी पायंडा झाला.

संगीतशास्त्रातला हा प्रश्न सुटला तो व्हिसाच्या एका फाईलमध्ये, आणि अशा फायली बांधणे हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा वकिलांची एक छोटी जमात अमेरिकेत आहे. न्यूयॉर्क, लॉस एंजेलिस या शहरांत त्यांची कार्यालये जास्त. कोर्टात उभे राहण्याचा प्रसंग त्यांच्यावर क्वचित येतो. त्यांचे सगळे काम कागदावर चालते. नर्तक, गायक, नट, सर्कशीतले कसरतपटू, कठपुतळीवाले यांची आयुष्ये ते कागदावर उतरवतात आणि ती कला कधीही न पाहिलेल्या एका सरकारी अधिकाऱ्याच्या टेबलावर ठेवतात.

मुळात हे वकील का लागतात, हे कळायला थोडा कायदा पाहावा लागतो. १९९० च्या इमिग्रेशन कायद्याने कलावंतांसाठी ‘ओ’ आणि ‘पी’ अशी दोन अक्षरे वेगळी काढली. त्याआधी नाव कमावलेले कलावंत एच-१ च्या दारातून येत. ओ-१ हा एकट्या कलावंताचा व्हिसा. आपल्या क्षेत्रात आपण सामान्यांपेक्षा बरेच वर आहोत, हे त्याने दाखवायचे. एखादा मोठा पुरस्कार असेल तर उत्तम. नसेल तर कायद्याने सहा निकष दिले आहेत, त्यांतले किमान तीन पुरे करायचे. पी-१ नावाजलेल्या संचांसाठी. त्यात तीन चतुर्थांश सभासद किमान वर्षभर संचात असावे लागतात. पी-२ परस्पर देवाणघेवाणीच्या करारांसाठी. आणि पी-३ त्या ‘खास’ कलेसाठी, जिथे ऑर्केस्टा केफ अडकला. लोककला, पारंपरिक संगीत, नाट्य, नृत्य यांचा रस्ता हाच. मुदत फार तर एक वर्ष.

यातला कोणताही व्हिसा कलावंत स्वतः मागू शकत नाही. त्याच्यासाठी अमेरिकेतल्या संस्थेने किंवा एजंटने पिटिशन करायचे असते. सोबत करार, दौऱ्याच्या तारखा आणि गावे, आणि संबंधित कामगार संघटनेचे सल्लापत्र. वादकांसाठी अमेरिकन फेडरेशन ऑफ म्युझिशियन्स, ऑपेरा आणि नृत्यासाठी अमेरिकन गिल्ड ऑफ म्युझिकल आर्टिस्ट्स, रंगमंचामागच्या तंत्रज्ञांसाठी आयॅट्सी. बाहेरचा माणूस आपल्या माणसाचे काम हिरावणार नाही ना, हे पाहण्याचा तिथल्या कामगारांचा हक्क कायद्याने राखला आहे, आणि तो मला योग्य वाटतो.

आता एक कल्पना करू. जुन्नर-नारायणगावकडचा एक ढोलकीपटू आहे. वडील फडावर वाजवत, हाही वयाच्या दहाव्या वर्षापासून वाजवतो. त्याच्या हातातल्या बोलांवर थिएटर उभे राहते. शिकागो किंवा न्यू जर्सीच्या मंडळाला तो हवा आहे. मंडळाने वकील गाठला. वकिलाचा पहिला प्रश्न: पुरावा काय?

पुरावा म्हणजे ढोलकी नव्हे. पुरावा म्हणजे कात्रणे, कार्यक्रमपत्रिका, तारखा असलेली पोस्टर्स, करारपत्रे, मानधनाच्या पावत्या, पुरस्कारांची मानपत्रे, जाणकारांची पत्रे. आमच्या ढोलकीपटूकडे यातले काय निघते? जत्रेतल्या सुपाऱ्या तोंडी ठरलेल्या. मानधन रोख. वर्तमानपत्रात फोटो आला तो मुख्य नर्तिकेचा, हा मागे अर्धा दिसतो. मानपत्र आहे, पण त्यावर साल नाही. सगळी कला त्याच्या दहा बोटांत आणि कागद शून्य. माझ्या दृष्टीने या व्यवस्थेतला सगळ्यात मोठा अन्याय हाच आहे. ज्याच्या कलेभोवती आधीच समीक्षा, संस्था आणि छापील माध्यमे उभी आहेत त्याची फाईल आपोआप जाड होते. ज्याची कला मौखिक, फिरती आणि गरिबांची, त्याला आपले असणेच सिद्ध करावे लागते. पी-३ नेमका अशाच कलांसाठी काढलेला, आणि त्यांनाच तो सगळ्यात जड जातो.

चांगल्या वकिलाची कसोटी इथे लागते. तो लोककलेच्या अभ्यासकांना गाठतो. ढोलकीफडाचा तमाशा म्हणजे काय, गण, गौळण, बतावणी, वग हा क्रम कसा, फडावरची लावणी आणि बैठकीची लावणी यांत फरक काय, आणि ढोलकी ही त्यात निव्वळ साथ का नसते, हे त्यांच्याकडून लिहून घेतो. पत्र लिहिणाऱ्याचा अधिकारही त्याच पत्रात दिसावा लागतो: तो कोण, या कलेशी त्याचा किती वर्षांचा संबंध, हा कलावंत त्याने कुठे ऐकला. तीन जाणकारांच्या पत्रांत एकच परिच्छेद शब्दशः आला, की अधिकाऱ्याचा विश्वास उडतो. म्हणून पत्रे ज्याची त्याच्या भाषेत हवीत. मग मराठी कात्रणांचे इंग्रजी. नियम असा, की परभाषेतल्या प्रत्येक कागदाचा पूर्ण अनुवाद हवा आणि तो अचूक असल्याचे अनुवादकाने सहीनिशी सांगावे. ‘ढोलकीने फड पेटवला’ हे वाक्य इंग्रजीत नेणाऱ्याने लावणी ऐकलेली असावी लागते, नाहीतर आग लागल्याची बातमी तयार होते. ‘वाद्यवादक’ लिहून भागवले तर माणूस हरवतो.

यावर वकिलाचे स्वतःचे पत्र, कधी वीस-पंचवीस पानांचे. कायद्याचा एकेक निकष घ्यायचा आणि त्यासमोर पुरावा क्रमांकासह मांडायचा. हे पत्र म्हणजे कायद्याच्या चौकटीत बसवलेली कलासमीक्षाच. अधिकारी ते किती वेळ वाचणार हे वकिलाला माहीत नसते, म्हणून पहिल्या दोन पानांत सगळे यावे लागते.

मराठी नाटकाचा संच निघतो तेव्हा गुंता वाढतो. नट पी-३ वर जातात. प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा सांभाळणारे मात्र ‘आवश्यक सहायक’ म्हणून वेगळ्या पिटिशनवर, वेगळ्या सल्लापत्रासह. नेहमीचा रंगभूषाकार सोडून अमेरिकेतला कोणी का चालत नाही, हेही पटवावे लागते. एप्रिल २०२४ पासून एका पिटिशनमध्ये पंचवीसच नावे बसतात, म्हणजे मोठ्या संगीत नाटकाच्या किंवा ढोल-ताशा पथकाच्या फायली दोन होतात. शिवाय पी-३ वर केलेले सगळेच कार्यक्रम त्या खास कलेचे असावे लागतात. लावणीच्या कार्यक्रमात प्रेक्षकांच्या आग्रहाखातर चार हिंदी चित्रपटगीते घुसवायचा बेत असेल तर जाणता वकील आधीच हटकतो. आणि दिवाणखान्यात घडणारे आजचे मराठी नाटक, किंवा अभंगाला गिटारची जोड देणारा तरुण गट? त्यांनी काय करावे? त्यांच्या कामाला स्करबॉलचा निकाल येतो. ब्यूनोस आयर्सच्या वादकांसाठी झालेल्या त्या युक्तिवादाचे देणे आपणही लागतो.

या व्यवसायात एक नाव आदराने घेतले जाते, लिऑन वाइल्ड्स. न्यूयॉर्कचे हे इमिग्रेशन वकील १९७२ मध्ये जॉन लेनन आणि योको ओनो यांच्यासाठी उभे राहिले. पहिल्या भेटीत आपण कोणाला भेटतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते. १९६८ मध्ये लंडनला चरसच्या प्रकरणात झालेली शिक्षा पुढे करून सरकार लेननला देशाबाहेर काढू पाहत होते. खरे दुखणे वेगळे होते. युद्धविरोधी गाणाऱ्या लेननचा निक्सन यांच्या फेरनिवडणुकीच्या वर्षी तरुण मतदारांवर परिणाम होईल, ही भीती. वाइल्ड्स यांनी माहितीच्या कायद्याखाली सरकारचीच कागदपत्रे मागवली आणि मानवी कारणांसाठी काही प्रकरणे बाजूला ठेवण्याची जी पद्धत सरकार उघडपणे मान्य करत नव्हते, ती उजेडात आणली. ७ ऑक्टोबर १९७५ रोजी अपील न्यायालयाने लेननच्या बाजूने निकाल दिला. दोनच दिवसांनी त्याचा मुलगा शॉन जन्मला. ग्रीन कार्ड मिळाले जुलै १९७६ मध्ये. वाइल्ड्स यांनी उजेडात आणलेली ती पद्धत पुढे अनेक अनाम स्थलांतरितांच्या कामी आली. २०२४ च्या जानेवारीत ते नव्वदाव्या वर्षी वारले.

लेननजवळ पैसा होता. बाकीच्यांचे काय? न्यूयॉर्कमध्ये १९६९ पासून ‘व्हॉलंटियर लॉयर्स फॉर द आर्ट्स’ ही संस्था गरजू कलावंतांना विनामूल्य कायदेशीर मदत देते. ब्रुकलिनची ‘टॅमिझडॅट’ तर देशोदेशीच्या कलावंतांच्या येण्याजाण्यासाठीच झटते. पण गरज फार मोठी आहे. २००४ मध्ये ब्यूएना व्हिस्टा सोशल क्लबचा वयोवृद्ध गायक इब्राहिम फेरर याला क्यूबाहून ग्रॅमी सोहळ्याला येऊ दिले नाही. त्याच वर्षी त्याला ग्रॅमी मिळाले. २००६ मध्ये मँचेस्टरच्या हॅले ऑर्केस्ट्राने अमेरिकेचा दौरा रद्द केला, कारण शंभर जणांना मुलाखतीसाठी लंडनला नेण्याआणण्याचा आणि व्हिसांचा खर्च ४५ हजार पौंडांच्या घरात जात होता. चेलोवादक यो-यो मा यांनी त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे साक्ष देऊन या अडचणी मांडल्या. कलावंतांची पिटिशने वेळेत निकाली निघावीत म्हणून मांडलेले विधेयक काँग्रेसमध्ये पुन्हा पुन्हा आले आणि अडकले.

पिटिशन मंजूर झाले तरी मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वाणिज्य दूतावासाची खिडकी उरतेच. पी व्हिसा मागणाऱ्याने आपले घर मायदेशी आहे आणि तिथे परतायचे आहे हे पटवायचे असते. पगाराची चिठ्ठी नाही, नावावर जमीन नाही, अशा लोककलावंताला हा प्रश्न अवघड जातो. त्यात ‘कबूतरबाजी’ने, म्हणजे कलापथकात भलतीच माणसे घुसवून परदेशात सोडून देण्याच्या धंद्याने, खऱ्या कलावंतांवर कायमचा संशय ओढवून ठेवला आहे. फसवणूक करणारे निघून जातात. खिडकीसमोर उलटतपासणी होते ती खऱ्या तमासगिराची.

म्हणून हे सगळे लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर अमेरिकेतली महाराष्ट्र मंडळे आहेत. बृहन्महाराष्ट्र मंडळाची अधिवेशने दर दोन वर्षांनी होतात, गावोगावची मंडळे गणपती-दिवाळीला कलावंत बोलावतात, आणि हे काम नोकरी सांभाळून स्वयंसेवक करतात. त्यांच्या कष्टांविषयी मला आदर आहे. तरीही ‘मानधन देत नाही, फक्त तिकीट देतो, मग टूरिस्ट व्हिसावर चालेल’ हा समज अजून ऐकू येतो, आणि तो चुकीचा आहे. व्यावसायिक कलावंत रंगमंचावर उभा राहणार असेल तर पैसे न घेतल्याने सहसा काही फरक पडत नाही. २०१७ मध्ये ‘सोव्हिएट सोव्हिएट’ या इटालियन बँडने आपण केवळ प्रसिद्धीचे कार्यक्रम करणार असल्याचे सांगितले. तरीही योग्य व्हिसा नसल्याने त्यांना सिएटलच्या विमानतळावरून परत धाडण्यात आले. अशा वेळी परत जातो तो कलावंत, आणि तो शिक्का पुढच्या प्रत्येक अर्जात त्याच्या नावापुढे राहतो.

पिटिशन कार्यक्रमाच्या वर्षभर आधी दाखल करता येते, तेव्हाच करा. एप्रिल २०२४ च्या दरांनुसार पी पिटिशनची मूळ फी १,०१५ डॉलर, पण नोंदणीकृत ना-नफा संस्थेला ती ५१० आहे आणि आश्रय (असायलम) कार्यक्रमासाठीची ६०० डॉलरची वेगळी फीही तिला माफ आहे. उशीर केला तर कामाच्या पंधरा दिवसांत उत्तर मिळवण्यासाठी वरचे पैसे मोजावे लागतात; २०२४ च्या दराने ते २,८०५ डॉलर होते. त्या पैशांत दुसरा वादक येऊ शकतो. काम अर्ध्यात थांबवून कलावंताला परत पाठवले तर परतीचे तिकीट तुमच्या अंगावर असते, हेही करार करताना लक्षात ठेवा. वकील निवडताना त्याने याआधी पी-३ ची किती पिटिशने केली हे विचारा. नोकरदारांच्या एच-१बी मध्ये मुरलेला माणूस इथे नवखा असू शकतो.

आणि महाराष्ट्रातल्या मंडळींना, विशेषतः फडमालकांना, नाट्यसंस्थांना आणि तालुक्याच्या वार्ताहरांना एक विनंती. पोस्टरवर साल छापा. बातमीत ढोलकीवाल्याचे, तुणतुणेवाल्याचे, सोंगाड्याचे पूर्ण नाव लिहा. मानधनाची पावती द्या, मग ती पाचशे रुपयांची का असेना. कार्यक्रम संपल्यावर एक पत्रिका कलावंताच्या पिशवीत घाला आणि ती जपून ठेवायला सांगा.