अभयवनांतील नऊ महिने

नोकरीसाठीं आपलें गांव सोडून आलेल्या माणसांनींच आजची आकुर्डी वसविली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. येथें कारखाने निघाले, तशीं जिल्ह्याजिल्ह्यांतून कुटुंबें आलीं, भाड्याच्या खोल्यांतून संसार थाटले गेले, आणि पाळीच्या वेळा हेंच घरचें पंचांग झालें. अशा घरांतील चिरंजीव ‘ताडोबाच्या जंगलांत हंगामी नोकरी धरतों’ असें म्हणूं लागले, म्हणजे वडील मंडळींस प्रथम वाघ आठवतो. काळजी वाहणें हा वडिलांचा अधिकारच आहे. परंतु आमच्या मतें ती वाघापेक्षां दोन निराळ्या गोष्टींची वाहावी. एक शेजार आणि दुसरी पावसाळा.

चंद्रपूर जिल्ह्यांतील ताडोबा हें महाराष्ट्रांतील सर्वांत जुनें राष्ट्रीय उद्यान. तें १९५५ सालीं घोषित झालें. लगतचें अंधारी अभयारण्य १९८६ चें, आणि दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प १९९५ चा. मृगया निषिद्ध असलेल्या ‘अभयवना’चा उल्लेख कौटिलीय अर्थशास्त्रांतही आहे, तेव्हां ही कल्पना आपणांस परकी नव्हे. या वनाचा गाभा साधारणतः १ ऑक्टोबरास प्रवाशांकरितां उघडतो आणि ३० जूनास मिटतो. उरलेले तीन महिने म्हणजे जणूं वनाचा चातुर्मासच.

आंत प्रवाशांस वाट दाखविण्याचें काम भोंवतालच्या गांवांतील तरुणांकडे असतें, आणि तें योग्यच आहे. बाहेरून जाणाऱ्यास नोकरी मिळते ती बहुधा मोहर्ली, कोलारा अशा प्रवेशद्वारांजवळच्या रिसॉर्टांत; हिशेब ठेवणें, स्वयंपाकघर सांभाळणें, पाहुण्यांची सरबराई करणें. पाहुणे सूर्योदयाच्या सुमारास वनांत शिरतात, म्हणून चहाचें आधण रात्र सरण्यापूर्वींच ठेवावें लागतें. दुपारीं सर्वत्र सामसूम, आणि मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्याही वर जातो. तेथें दुपारची झोंप हा आळस नव्हे, हें घरच्यांनीं समजून घ्यावें.

आतां शेजाराविषयीं. ताडोबा हें नांव गोंडांच्या तारू या दैवतावरून आलें, असें सांगतात. वाघास मोकळें रान मिळावें म्हणून बोटेझरी, नवेगांव, जामणी येथील कुटुंबांनीं पिढीजात घरें सोडलीं. जीं गांवें भोंवतीं राहिलीं, तेथील माणसें मोहफुलें व तेंदूपानें वेंचावयास पहांटे पायींच रानांत जातात. त्यांपैकीं कित्येकांचे प्राण वाघाच्या हल्ल्यांत गेले आहेत. पाहुणा मात्र गाडींत बसून वाघ पाहतो. हा फरक ज्यास उमगला, तो तेथें फार दिवस उपरा राहणार नाहीं. तेथील बोलींत ‘पाणी’चें ‘पानी’ होतें. पुण्याकडील मुलानें त्यास हंसूं नये. व्याकरण आम्हीं जन्मभर शिकविलें. पण तहान भागविणारा शब्द अशुद्ध ठरविण्याचें धैर्य आम्हांस नाहीं.

पावसाळ्याची गोष्ट पैशाची आहे. नोकरी पत्करण्यापूर्वींच राहण्याजेवण्याची सोय, आजारपणाचा खर्च आणि जुलै ते सप्टेंबरचें वेतन यांविषयीं लेखी खुलासा मागावा. वेतन नसल्यास नऊ महिन्यांच्या मिळकतीचे बारा भाग करावे. त्या दिवसांत मुलगा आकुर्डीस परतला, तर ‘रिकामा बसला आहे’ असें कोणीं म्हणूं नये. त्याच्या हातीं वृक्षांचें नाहीं तर पक्ष्यांचें एखादें पुस्तक द्यावें, आणि साग कोणता व ऐन कोणता हें घरांतील लहानांनीं त्याला विचारावें. पाळीवरून येणाऱ्यासाठीं मध्यरात्रीं ताट झांकून ठेवणाऱ्या घरांस एवढें अवघड वाटूं नये.