क्षमाशील लोखंड

आज ज्या विषयावर चार शब्द सांगावयाचे मी योजिले आहे, तो ऐकून काही श्रोत्यांना हसू येईल. बोलावयास मोठमोठे प्रश्न समोर पडले असता, गोल्फ खेळणाऱ्या मूठभर लोकांनी आपल्या काठ्या बदलल्या, ह्यात सांगण्यासारखे ते काय? परंतु ज्या घरातील वडील माणूस रविवारी पहाटे उठून चेंबूरच्या किंवा पुण्याच्या मैदानावर जातो आणि दुपारी मनगट चोळीत, कोणाशी न बोलता पानावर येऊन बसतो, त्या घरातील मंडळींना हा प्रश्न अगदीच क्षुल्लक वाटणार नाही. मी स्वतः त्याच वर्गातील. साठी उलटल्यावर हा खेळ कायमचा सोडावा लागणार अशी वेळ माझ्यावर आली होती. ती टळली ती यंत्रशास्त्रातील एका साध्या तत्त्वामुळे. त्या तत्त्वाची आणि त्याच्या मर्यादांची ओळख करून देणे, एवढाच ह्या भाषणाचा हेतू आहे.

ह्या खेळाशी ज्यांचा परिचय नाही, त्यांच्यासाठी प्रथम थोडा खुलासा करतो. गोल्फचा चेंडू सुमारे ४६ ग्रॅम वजनाचा असतो. खेळाडूने जवळ चौदापेक्षा अधिक क्लब बाळगू नयेत, असा नियम आहे. त्यांपैकी बरेचसे लोखंडी माथ्याचे असतात. ह्यांनाच ‘आयर्न’ म्हणतात. त्यांवर चार, पाच, सहा असे आकडे कोरलेले असतात. आकडा जितका मोठा, तितके माथ्याचे तोंड अधिक मागे कललेले. त्यामुळे चेंडू अधिक उंच जातो, पण कमी अंतरावर पडतो. खेळाडूने आपला झोत एकच ठेवावा आणि अंतराची निवड क्लबाकडे सोपवावी, अशी ही मोठी समंजस योजना आहे. अडचण एवढीच की मनुष्याचा झोत एकच राहत नाही.

जुन्या पद्धतीच्या आयर्नला ‘ब्लेड’ म्हणतात. मऊ पोलादाचा तुकडा तापवून, ठोकून तो घडवितात. माथा लहान, तळ अरुंद, पाठ भरीव व सपाट. माझा संच माझ्या थोरल्या बंधूंचा. त्यांच्या हातात तो वीस वर्षे होता आणि त्यांच्या पश्चात वहिनींनी तो माझ्या स्वाधीन केला. त्याच्या तोंडाच्या बरोबर मध्यावर चेंडू बसला, म्हणजे हाताला काही लागल्याची जाणीवच होत नाही. तापल्या सुरीने लोणी कापावे तसा तो अनुभव असतो. परंतु मध्य अर्ध्या बोटानेही चुकला, की दांड्यातून एक झणझणीत कळ कोपरापर्यंत जाते आणि चेंडू वीस-पंचवीस यार्ड आधीच, बहुधा वाळूच्या खड्ड्यात, जाऊन पडतो. पन्नाशीत माझे दहांतले सहा फटके मध्यावर बसत असत. साठीत तीन बसले तरी मी देवाचे आभार मानू लागलो. पुढे कोपर सुजू लागले. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली, आणि घरच्यांनी तर खेळ बंद करण्याचाच ठराव केला.

आता मध्य चुकला म्हणजे नेमके काय होते, ते पाहू. क्लबाचे तोंड आणि चेंडू ह्यांचा सहवास एका सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. तेवढ्या अवधीत चेंडू माथ्याच्या टोकाशी आदळला, तर माथा आपल्या भारमध्याभोवती किंचित फिरतो. दार बिजागरीपासून दूर ढकलले असता फिरते, तसाच हा प्रकार. ह्या फिरण्याने दोन नुकसाने होतात. जी शक्ती चेंडूला मिळावयाची ती माथा फिरविण्यात खर्च होते, आणि तोंडाची दिशा बदलते. दिशा एका अंशाने जरी बदलली, तरी दीडशे यार्डांवर चेंडू सुमारे अडीच यार्ड बाजूला जातो. चार-पाच अंशांत ग्रीन हुकलेच म्हणून समजावे.

मग माथा फिरू नये म्हणून काय करावे? वजन वाढवावे, तर क्लब उचलवेनासा होतो. येथे आपल्या कुंभाराचे उदाहरण मोठे उद्बोधक आहे. त्याच्या चाकाचा भार कडेला साठविलेला असतो. म्हणूनच ते एकदा फिरू लागले की सहजासहजी थांबत नाही, आणि थांबलेले असता सहजासहजी फिरत नाही. वस्तूचा हा जो फिरण्यास विरोध करण्याचा गुण, त्यास शास्त्रात जडत्वाचा आघूर्ण म्हणतात. तो केवळ वजनावर अवलंबून नसतो. ते वजन मध्यापासून किती दूर आहे, ह्यावरही अवलंबून असतो, आणि तोही अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात. तेच वजन दुप्पट अंतरावर नेले तर विरोध चौपट होतो. तेव्हा माथ्याच्या पाठीतील लोखंड मध्यावरून कोरून काढावे आणि ते कडेला, टोकाशी व टाचेशी, वाटून द्यावे. एकंदर वजन तेवढेच राहील, पण चुकलेल्या फटक्याने माथा पूर्वीइतका फिरणार नाही. क्षमाशील क्लबाचे सारे रहस्य ह्या एका वाक्यात आहे.

हे तत्त्व क्लबांच्या बाबतीत चिकाटीने राबविण्याचे श्रेय मुख्यतः कार्स्टन सोल्हाइम ह्या गृहस्थाकडे जाते. नॉर्वेतील बर्गन गावी १९११ साली त्यांचा जन्म झाला. बालपणीच ते अमेरिकेत आले. तरुणपणी त्यांनी पादत्राणे दुरुस्त करण्याचा धंदा केला आणि पुढे इंजिनियर होऊन जनरल इलेक्ट्रिक कंपनीत नोकरी धरली. गोल्फ ते शिकले वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, सहकाऱ्यांच्या आग्रहावरून. ग्रीनवर चेंडू हलकेच ढकलण्याच्या कामी त्यांचा हात काही केल्या वळेना. दुसरा कोणी असता तर त्याने हाताला दोष दिला असता. सोल्हाइम ह्यांनी साधनाची चौकशी आरंभिली. भार दोन्ही टोकांना साठवून १९५९ साली त्यांनी आपल्या गॅरेजमध्ये एक पटर तयार केला. चेंडू लागताच त्यातून जो टणत्कार निघे, त्यावरून त्याचे नाव पडले ‘पिंग’, आणि तेच पुढे त्यांच्या कारखान्याचे नाव झाले.

हीच युक्ती त्यांनी आयर्नना लावली. प्रथम त्यांनी घडीव माथ्यांच्या पाठी कोरून पाहिल्या. परंतु खरा मार्ग सापडला तो ओतकामात. १९६९ साली बाहेर पडलेल्या त्यांच्या ‘के-१’ संचाचे माथे मेणाच्या साच्याच्या पद्धतीने ओतलेले होते. प्रथम मेणाची प्रतिकृती करावयाची, तिच्यावर लेप चढवावयाचे, मग मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातूचा रस ओतावयाचा. ही रीत आपणांस परकी नाही. चोळ राजांच्या काळातील नटराजाच्या मूर्ती आणि बस्तरच्या कारागिरांचे ढोकरा काम ह्याच रीतीने झालेले आहे. हातोड्याने जो आकार साधणे कठीण, तो मेणात बोटाने साधता येतो. आणि पाठीत पोकळी ठेवून कडा जाड करणे हे तर मेणाचेच काम. आरंभी ह्या क्लबांना पुष्कळांनी कुरूप म्हणून नावे ठेविली. पुढे १९८२ साली आलेला त्यांचा ‘आय-२’ हा संच इतका लोकप्रिय झाला, की त्या घडणीचे अनुकरण जवळजवळ सर्वांनीच केले.

आता अनुभवाकडे वळतो. नवा संच मी आणला तेव्हा माझ्या मनात, खरे सांगावयाचे तर, अपराधाची भावना होती. भावाची वस्तू अडगळीत टाकून मी एखादे फावडे विकत आणले, असे मला वाटले. दिसण्यात ते होतेही तसेच. तळ रुंद, वरची कड जाड, गळा किंचित पुढे आलेला. पहिल्या दिवशी माझा उत्तम फटका पूर्वीपेक्षा काही फारसा दूर गेला नाही. पण नवव्या टप्प्यावर माझा एक फटका अगदी टोकावर बसला. हाताला कळले, आणि मी सवयीने मान खाली घातली. आमचा जुना कॅडी मात्र पाहतच होता. तो म्हणाला, “साहेब, वर बघा. चुकलंय, पण पोचलंय.” चेंडू ग्रीनच्या कडेवर होता. ‘चुकलंय, पण पोचलंय’ ह्याहून क्षमाशील क्लबाची अचूक व्याख्या मला आजवर कोणत्याही जाहिरातीत आढळली नाही.

पुढे मी पावलांनी मोजून पाहिले. सात नंबरच्या जुन्या क्लबाने मध्यावरचा फटका १३५ यार्ड जाई आणि टोकावरचा ११० च्या आसपास पडे. नव्याने टोकावरचा फटका १२५ पर्यंत जाऊ लागला. ह्या पंधरा यार्डांत वाळूचा खड्डा मावतो. दांडेही पोलादी न घेता मी ग्रॅफाइटचे घेतले होते. ते वजनाला हलके असून हादरा हातापर्यंत कमी पोहोचवितात. तीन महिन्यांत कोपराची सूज उतरली, आणि घरातील ठरावही न बोलता मागे घेण्यात आला.

रुंद तळाचा फायदा मला पावसाळ्यात उमगला. ओल्या, मऊ जमिनीत अरुंद तळाचा ब्लेड कुदळीसारखा रुततो. रुंद तळ जमिनीवरून घसरून पुढे जातो. मात्र वैशाखात माती दगडासारखी झाली, की हाच तळ कधीकधी आपटून उसळतो आणि चेंडूचे डोके तासतो. तेव्हा गुण आणि दोष एकाच ठिकाणी नांदतात, हे विसरता कामा नये.

सर्वांचाच अनुभव माझ्यासारखा नाही. आमच्या मैदानावर एक तरुण गृहस्थ आहेत. त्यांचा हात मुळातच चांगला. त्यांनीही असाच संच घेतला आणि सहा महिन्यांत परत जुन्याकडे वळले. त्यांचे म्हणणे असे की वाऱ्याच्या तोंडी चेंडू खाली ठेवावा, झाडाला वळसा घालून न्यावा, तर हा क्लब ऐकत नाही. तो आपला उंच आणि सरळच जाऊ पाहतो. ही तक्रार खरी आहे. कडेला व खाली साठविलेला भार चेंडूला उंच चढवितो. आणि जो क्लब चुकीने वळत नाही, तो मुद्दाम वळविणेही तितकेच कठीण.

दुसरा अनुभव एका भगिनींचा. त्या व्यवसायाने डॉक्टर आहेत. नव्या सात नंबरने चेंडू एकदम पंधरा यार्ड अधिक जाऊ लागला, म्हणून त्यांना प्रथम हर्ष झाला. पुढे कळले की जुन्या सात नंबरच्या तोंडाचा कल सुमारे ३५ अंश होता, तर नव्याचा २९. म्हणजे जवळजवळ सहा नंबरच्याच क्लबावर सातचा आकडा कोरलेला! ह्यात निव्वळ लबाडीच आहे असे नव्हे. भार खाली नेल्याने चेंडू आपोआप उंच चढतो, म्हणून कल थोडा कमी करणे सयुक्तिक असते. परंतु विकणाऱ्याने ही गोष्ट त्यांस सांगितली नव्हती. परिणाम असा झाला की संचातील शेवटचा क्लब फार लांब मारू लागला, आणि जवळच्या अंतरासाठी त्यांच्या पिशवीत काहीच उरले नाही. त्यांना आणखी एक क्लब घ्यावा लागला.

ह्यावरून कोणास हे क्लब घ्यावयाचे असतील, त्यांस माझी एकच सूचना आहे. दुकानात आपला सर्वांत चांगला फटका पाहून निर्णय करू नये. सर्वांत वाईट पाच फटके पाहावेत. क्लबाच्या तोंडावर थोडी पावडर लावून वीस चेंडू मारावेत, म्हणजे चेंडू कोठे लागतात ह्याचे ठसे दिसतील. ते सर्व एका नाण्याखाली झाकले जात असतील, तर आपणांस क्षमेची गरज नाही. अमेरिकन खेळाडू बेन होगन ह्यांनी मोटारीच्या भीषण अपघातानंतर सुमारे सोळा महिन्यांनी, १९५० साली, मेरियन येथे एक नंबरच्या आयर्नने जो विख्यात फटका मारला, त्या क्लबाच्या तोंडावर नाण्याएवढीच झिजलेली जागा दिसते. तसल्या हातास ब्लेडच शोभतो. पण ठसे तोंडभर विखुरलेले असतील, तर अभिमान बाजूस ठेवावा.

आणि हेही ध्यानात असावे, की हे लोखंड सर्वच अपराध पोटात घालीत नाही. चेंडू मध्यापासून इकडेतिकडे लागला, एवढाच अपराध ते सौम्य करते. झोताची वाटच वाकडी असेल, तोंड आधीच उघडे पडले असेल, किंवा चेंडूऐवजी चार बोटे मागे जमिनीवर घाव बसला असेल, तर त्याचा दंड भरावाच लागतो. शिवाय ह्या क्षमेचे एक मोलही आहे. चूक सौम्य झाली म्हणजे चुकीची खबरही सौम्य होते. ब्लेड कोपरात कळ आणून सांगे, ‘येथे चुकलास’. नवा क्लब ते कानात कुजबुजतो, आणि पुष्कळदा आपण ऐकत नाही.

म्हणून बंधूंचा संच मी अडगळीत टाकलेला नाही. खेळावयास नवा संच नेतो. पण आठवड्यातून एकदा सरावाच्या जागी त्यांचा सात नंबरचा क्लब काढतो आणि त्याने दहा चेंडू मारतो. दहाच, कारण कोपराला तेवढेच मानवते. त्यांपैकी मध्यावर किती बसले, हे तो मला मुळीच भीड न ठेवता सांगतो. गेल्या खेपेस चार बसले. ते ऐकून घेऊन मी त्याला पुसतो, पिशवीत ठेवतो, आणि दुसरा घेऊन खेळावयास निघतो.