वरच्या मजल्यावरचा शॉवर

टाकी थेट डोक्यावर, तरी सर्वात वरच्या मजल्यावरचा शॉवर मरतुकडा का? तीच तर गोम आहे. पाण्याचा दाब टाकीच्या आकारावर नाही, उंचीवर ठरतो: 10 मीटरला साधारण 1 बार. टाकी शॉवरच्या 3 मीटरच वर असेल, तर पदरात पडतो जेमतेम 0.3 बार. त्यात बोअरचं पाणी असेल तर जाळी काढून बघा. छिद्रांत पांढरा क्षार घट्ट बसलेला दिसेल. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवा, सकाळी जुन्या टूथब्रशने घासा. एवढं करूनही धार बारीकच राहिली, तर मात्र प्रेशर पंप.

पाणी तापण्याचं गणित वेगळं. 3 किलोवॉटचा इन्स्टंट गीझर मिनिटाला 3 लिटर पाणी फार तर 14 अंशांनी तापवतो. धार निम्मी केली की 28 अंशांनी! म्हणून एकच पाइप असलेल्या घरात स्वयंपाकघरातला नळ सुटताच गीझरमधला प्रवाह मंदावतो आणि बाथरूममधून आरडाओरडा सुरू होतो. थंडीत कोमट पाण्याची तक्रार करण्याआधी नळ थोडा बंद करून पाहा.

गॅस गीझर बाथरूमच्या आत असेल, तर तो आधी बाहेर बसवून घ्या. त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.