लष्करी ट्रकचे फिरते घर : गैरसमज आणि वस्तुस्थिती

सैन्यातून निवृत्त झालेला ट्रक लिलावात विकत घ्यावा, त्याच्या चासीवर झोपण्याची, स्वयंपाकाची आणि पाण्याची सोय असलेली बॉडी बांधावी आणि दुर्गम प्रदेशात महिनोन्महिने प्रवास करावा, हा छंद युरोपात, विशेषतः जर्मनीत, अनेक दशकांपासून रुजलेला आहे. जर्मन सैन्याने, म्हणजे बुंडेसवेरने, १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मर्सिडीज-बेंझकडे ‘युनिमॉग १३०० एल’ या दोन टन वाहक्षमतेच्या सुमारे १७,००० ट्रकांची मागणी नोंदवली होती. पुढे हे ट्रक फेबेग या सरकारी विक्रीसंस्थेमार्फत नागरिकांच्या हाती येऊ लागले आणि हौशी कारागिरांना स्वस्त व दणकट पाया मिळाला. वाहनांबरोबर त्यांच्याविषयीच्या समजुतीही हस्तांतरित होत गेल्या. त्यांतील एक इतकी चिवट आहे की तुटलेले बोल्ट आणि तडकलेल्या भिंती समोर दिसत असतानाही ती सोडली जात नाही.

गैरसमज : लष्करी ट्रकची चासी मुळीच न वाकणारी असते, म्हणून बॉडी तिच्यावर जितकी घट्ट आवळावी तितकी ती अधिक टिकते.

वस्तुस्थिती अशी की युनिमॉगची चासी वाकते, आणि ती वाकावी अशीच तिची रचना केलेली आहे. या चासीत उघड्या यू-छेदाच्या दोन लांब तुळया असून त्या आडव्या नळ्यांनी जोडलेल्या असतात. उघड्या छेदाची तुळई उभा भार उत्तम पेलते, परंतु पीळ पडू लागला की फारसा विरोध न करता वळते आणि पीळ ओसरताच मूळ स्थितीत परतते. पुढचे डावे चाक खडकावर चढले आणि मागचे उजवे चाकही उंचवट्यावर आले की चासीचे पुढचे टोक एका दिशेला व मागचे टोक विरुद्ध दिशेला कलते. स्प्रिंगांच्या हालचालीत चासीच्या या पिळाची भर पडते, त्यामुळेच चारही चाके जमिनीला टेकून राहतात व पकड सुटत नाही. ज्या गुणामुळे हा ट्रक इतरांना अशक्य असलेल्या वाटेने जातो, तो गुण म्हणजे त्याचे ठरावीक मर्यादेत नमते घेणे होय.

आता या चासीवर येणाऱ्या बॉडीचा विचार करावा. चार भिंती, तळ आणि छप्पर एकमेकांना पक्के जोडलेली पेटी पिळाला अत्यंत ताठ असते. बुटांचा पुठ्ठ्याचा खोका झाकण काढलेले असताना दोन हातांनी सहज पिळता येतो, पण झाकण चिकटवून बंद केल्यावर तोच खोका दाद देत नाही. निवासी बॉडी ही झाकण चिकटवलेल्या खोक्यासारखी असते. पिळणारी चासी आणि न पिळणारी बॉडी चारही कोपऱ्यांवर बोल्टने जखडली की दोघांपैकी एकाला हार मानावी लागते. बहुधा आधी बोल्टांची भोके लांबट होतात, मग बॉडीच्या कोपऱ्यांतील सांधे उघडतात, दरवाजा चौकटीत अडकू लागतो, आणि तरीही दुर्लक्ष केल्यास चासीच्या तुळईला भेग जाते. अशा वेळी ‘बोल्ट कमी जाडीचे पडले’ असा निष्कर्ष काढून अधिक जाड बोल्ट बसवले जातात, म्हणजे ज्या कारणाने मोडतोड झाली तेच कारण अधिक बळकट केले जाते! हा उपाय दुसऱ्यांदा व तिसऱ्यांदा करणाऱ्यांची संख्या पाहता, येथे कमतरता पोलादाची नसून विचाराची आहे, असे म्हणावे लागते.

यावर शंका असणाऱ्यांनी निर्मात्याचीच मार्गदर्शिका पाहावी. बॉडी बांधणाऱ्यांसाठी मर्सिडीज-बेंझने युनिमॉगबाबत प्रसिद्ध केलेल्या सूचनांमध्ये पिळाला मोकळीक देणारी तीन-बिंदू किंवा चार-बिंदू जोडणी सांगितलेली आहे. तीन-बिंदू जोडणीत बॉडी एका टोकाला दोन ठिकाणी आणि दुसऱ्या टोकाला मध्यभागी एकाच फिरत्या खिळीवर टेकते. तीन बिंदूंतून नेहमी एकच सपाट पातळी जात असल्यामुळे खालची चासी कितीही पिळली तरी वरच्या बॉडीवर पीळ येत नाही. चार-बिंदू जोडणीत हे आधार पतंगाच्या आकारात मांडलेले असतात, म्हणजे पुढे व मागे मध्यरेषेवर एकेक फिरती खीळ आणि दोन्ही बाजूंना एकेक आधार असतो, त्यामुळे भार अधिक सम प्रमाणात वाटला जातो. तिसरी रीत स्प्रिंगांची आहे : बॉडीखालील उपचासी मागील बाजूस पक्की बसवली जाते आणि पुढे ती नुसती टेकवून स्प्रिंगयुक्त बोल्टांनी धरली जाते, जेणेकरून पीळ पडताच ती किंचित उचलली जाते. या रीतींची किंमतही मोजावी लागते, कारण उपचासीमुळे वजन व गुरुत्वमध्याची उंची वाढते, खिळींपाशी भार एकवटतो, आणि चालककक्षातून बॉडीत जाण्याचा मार्ग ठेवायचा असल्यास तो लवचीक रबरी भात्याने जोडावा लागतो. चासीच्या तुळईच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांत भोके पाडणे किंवा मनाला येईल तिथे वेल्डिंग करणे हेही टाळावे लागते, कारण सर्वाधिक ताण त्याच पट्ट्यांवर येतो.

मात्र ‘प्रत्येक लष्करी ट्रक पिळतो’ हे विधानही तितकेच आळशी ठरेल. १९७६ पासून बुंडेसवेरमध्ये दाखल झालेल्या मॅन कंपनीच्या ‘काट १’ या अवजड ट्रकमालिकेत बंद पेटी-छेदाची, पिळाला ताठ असलेली चासी वापरलेली असून चाकांची सर्व हालचाल लांब पल्ल्याच्या गुंडाळी स्प्रिंगांवर सोपवलेली आहे. तेथे बॉडी बरीच थेट बसवता येते. म्हणून ‘लष्करी’ या विशेषणावरून काहीही सिद्ध होत नाही. विशिष्ट ट्रकची चासी पाहूनच जोडणी ठरवावी लागते.

उरलेले गैरसमज किरकोळ असले तरी महाग पडणारे आहेत.

‘लष्करी ट्रकवर कितीही वजन चालते’ : युनिमॉग १३०० एलचे कमाल एकूण वजन ७.४९ टन आहे आणि २०० लिटर पाणी, ३०० लिटर डिझेल, एक जादा चाक व दोन माणसे एवढ्यानेच सुमारे ७०० किलो खर्च होतात. जुना हौदा काढल्याने वाचलेले वजन नवी बॉडी सहज गिळून टाकते.

‘किलोमीटर कमी पडले आहेत, म्हणजे गाडी नवीच’ : रबर काळाने कडक होते, धावण्याने नव्हे; त्यामुळे ब्रेकचे होज, सील आणि टायर यांचे वय तपासावे, आणि टायरवरील चार अंकी खुणेतून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते.

‘लष्करी इंजिन कोणत्याही तेलावर चालते’ : अमेरिकेच्या एम ३५ ए २ सारख्या काही ट्रकांची इंजिने खरोखरच बहुइंधनी होती, पण युनिमॉग १३०० एलचे ५.७ लिटरचे सहा सिलिंडरी इंजिन साधे डिझेल इंजिन आहे.

‘२४ व्होल्टच्या व्यवस्थेतील दोन बॅटऱ्यांपैकी एकीवरून १२ व्होल्ट घेता येतात’ : घेता येतात, पण एक बॅटरी सतत रिकामी व दुसरी अतिभारित होऊन दोन्ही लवकर निकामी होतात, त्यासाठी स्वतंत्र कन्व्हर्टर लागतो.

‘घर बांधले की तो ट्रक राहत नाही, म्हणून साधा परवाना पुरतो’ : जर्मनीत ३.५ टनांपुढे ७.५ टनांपर्यंत सी-१ वर्गाचा परवाना लागतो, आणि जुने हक्क टिकवून असलेले चालक सोडता त्यातून सूट नाही. शिवाय युरोपीय संघाच्या २०१८/८५८ या नियमानुसार मोटार-कॅराव्हान ठरण्यासाठी आसने व टेबल, झोपण्याची जागा, स्वयंपाकाची सोय आणि सामानाची कपाटे पक्की बसवलेली असावी लागतात.

भारतात असा बेत करणाऱ्यांची अडचण यांत्रिकीच्याही आधी कायद्याची आहे. लष्करी क्रमांकावर चाललेल्या वाहनाची नागरी नोंदणी नव्याने करावी लागते, आणि मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ काटेकोरपणे लावलेला आहे. मोटार-कॅराव्हानसाठी ‘एआयएस १२४’ हे स्वतंत्र भारतीय मानक अस्तित्वात आहे. त्यामुळे ‘आधी बॉडी बांधू, मग आरटीओचे पाहू’ हा सल्ला देणाऱ्याचे पैसे त्यात गुंतलेले नसतात, एवढे लक्षात ठेवावे.

लष्करी ट्रकचे उत्तम फिरते घर होऊ शकते, पण ते ट्रकच्या नावलौकिकावर नव्हे तर हिशेबावर उभे राहते. ज्याला हे काम करायचे आहे त्याने आधी वजनाचा तक्ता मांडावा, मग आपल्याच ट्रकच्या निर्मात्याची बॉडी-बांधणीची मार्गदर्शिका मिळवून जोडणी निश्चित करावी, परवानगीचा कागद हातात घ्यावा, आणि ओटा व बिछाना कुठे बसवायचा याचा नकाशा त्यानंतरच काढावा.