रेशमासाठी नवी वाट

सहाव्या शतकात समरकंद परिसरातल्या सोग्दियन व्यापाऱ्यांच्या हाती चिनी रेशीम होतं. श्रीमंत गिऱ्हाईक मात्र इराणपलीकडे बायझंटाइन साम्राज्यात. तिथे तेव्हा अंमल असलेल्या तुर्क खाकानाच्या, म्हणजे सम्राटाच्या, परवानगीने मानियाख नावाचा सोग्दियन या व्यापाऱ्यांचा म्होरक्या बनून रेशीम विकण्याची मुभा मागायला इराणच्या दरबारी गेला. बादशहा पहिल्या खुस्रोने सगळा माल विकत घेतला आणि त्यांच्या डोळ्यांदेखत जाळून टाकला!

मानियाख खचला नाही. इराण टाळून, कॉकेशस ओलांडून तो ५६८ मध्ये बायझंटाइन राजधानी कॉन्स्टँटिनोपलला पोहोचला. सोबत रेशमाचा नजराणा आणि खाकानाचं पत्र. सम्राट दुसऱ्या जस्टिनने त्याच्याबरोबर आपला दूत झेमार्कस तुर्कांकडे धाडला.

विलक्षण धाडस होतं ते! हे व्यापारी माल वाहत, तसेच राजकारणही. तुर्कांकडे असलेल्या त्यांच्या वजनाची खूण म्हणजे, तुर्कांच्या राजवटीतल्या बुगुत नावाच्या शिलालेखावर सोग्दियन भाषेतला मजकूर कोरलेला आहे.