झिर्कोनियाची टोपी किती टिकते?

दातावर झिर्कोनियाची टोपी बसविली की जन्माची काळजी मिटली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे.

चिनी मातीच्या बशीला चीर गेली की ती वाढतच जाते. झिर्कोनियात थोडे इट्रिया मिसळले म्हणजे निराळेच घडते. चिरेच्या टोकाशी ताण पडताच तेथील स्फटिक रचना बदलून किंचित फुगतात व चीर आवळून धरतात. हा गुण १९७५ साली ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञांनी जगापुढे मांडला. म्हणून अशी टोपी सहसा फुटत नाही. वर चिनी मातीचा थर दिलेला असल्यास त्याचा टवका उडू शकतो. तर अधिक पारदर्शक प्रकार दिसण्यास सुंदर, पण बळकटीस उणा.

परंतु खरा धोका निराळाच. टोपीला कीड लागत नाही, तिच्याखालच्या दाताला लागते. हिरडीलगतच्या सांध्यात अन्न साचले की दात आतून पोखरतो, आणि धडधाकट टोपी निखळून हाती येते.

तेव्हा दात रोज दोन वेळा घासावे, फटी दोऱ्याने साफ कराव्या आणि दुखत नसले तरी दंतवैद्यास नियमाने दाखवावे.