पुडीतल्या गोळीचे नाव विचारा

सेंटरिंगची फळी पायावर पडते, कटरने बोट कापते, गोणी उचलताना कंबर धरते. वस्तीतला कामगार अशा वेळी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात जातो. डॉक्टर तपासतात, इंजेक्शन देतात आणि कागदाच्या पुडीत गोळ्या बांधून देतात. फी आणि औषध एकातच, मेडिकलची पायपीट नको, उद्याचा खाडाही वाचतो. ही सोय मोठी आहे. डॉक्टरांना आम्ही नावे ठेवत नाही. पण पुडीवर काहीच लिहिलेले नसेल तर नुकसान दोन्हीकडे होते, शरीराचे आणि हक्काचे.

आधी शरीराचे पाहू. माराच्या दुखण्यावर बहुधा डायक्लोफिनॅकसारखी गोळी असते. ती उपाशीपोटी किंवा फार दिवस घेतली तर पोटात अल्सर होऊ शकतो, किडनीला इजा होऊ शकते. रात्री दुखले म्हणून मेडिकलमधून आणलेली गोळी त्याच जातीची निघाली तर डोस दुप्पट होतो. कधी पुडीत स्टेरॉइडही असते. सूज झटकन उतरते, पण मधुमेह असलेल्याची साखर चढते. काही आठवडे घेऊन ते एकदम बंद केले तर जिवावर बेतू शकते. अंगावर पुरळ उठले आणि मोठ्या दवाखान्यात गेलो, तर तिथे सांगणार काय? 'पांढरी गोळी होती' एवढेच! आणि दुखणे दबले म्हणजे हाड शाबूत आहे असे नाही. सूज किंवा वाकडेपणा दिसला तर एक्स-रे काढल्याशिवाय ओझे उचलू नका.

आता हक्काचे. डॉक्टरांना आपल्या पेशंटला स्वतः औषध देण्याची मुभा 1945 च्या औषध नियमांत आहे, पण अटींसह. चिठ्ठीशिवाय विकता न येणारे औषध दिले, तर त्यावर डॉक्टरांचे नाव-पत्ता आणि पोटात घ्यायचे असल्यास डोस लिहायचा असतो. पेशंटचे नाव, औषध आणि तारीख यांची नोंद वहीत ठेवायची असते. म्हणजे नाव विचारणे हा आगाऊपणा नाही.

कामावर झालेल्या दुखापतीच्या उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने भरून द्यावा, ही तरतूद 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यात 2009 च्या दुरुस्तीने आली. पण बिल नसेल तर खर्च दाखवणार कशाने? ठेकेदार म्हणणार, 'माझ्या साइटवर लागलेच नाही.' तेव्हा बोलतो तो कागदच.

म्हणून दवाखान्यातून निघण्याआधी एवढे करा :

- लागले कुठे, कसे आणि कधी, ते डॉक्टरांना सांगा आणि चिठ्ठीवर तारखेसह लिहून घ्या.
- प्रत्येक गोळीचे आणि इंजेक्शनचे नाव, डोस आणि किती दिवस घ्यायचे तेही लिहून घ्या.
- आधीपासून चालू असलेली औषधे, अॅलर्जी आणि दारूची सवय लपवू नका.
- पैशांची पावती मागा. चिठ्ठी आणि पावतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा.
- पगारातून ईएसआय कापला जात असेल तर ईएसआयच्या दवाखान्यात जा. तिथे उपचार आणि औषधे मोफत मिळतात.

लिहिता-वाचता येत नसेल तर घरातल्या शिकणाऱ्या मुलामुलीला सोबत न्या. विचारायला संकोच करू नका. गोळी आपल्या पोटात जाणार आहे, तिचे नाव आपल्याला माहीत असलेच पाहिजे.